एकतीस दातांचं चाक

ज्योतीराम ओव्हाळ लिलावाला गेले होते ते कपाट आणायला, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे भोसरीत आणि मोशीत जो तो ही हकिकत ‘ओव्हाळ ट्रॅक्टर घ्यायला गेले तेव्हा’ अशी सुरू करायचा, आणि ते कानावर पडलं की ज्योतीराम हातातली बशी खाली ठेवून म्हणायचे, "कपाट. कपाट घ्यायला."

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या जुलैची. चाकणजवळची एक सहकारी शेती संस्था मोडीत निघाली होती आणि तिचं सामान लिलावात काढलं होतं. ज्योतीरामांच्या पत्नीला, शालनबाईंना, लग्नापासून एक लोखंडी कपाट हवं होतं. यादीत लिहिलं होतं : ‘लॉट नंबर नऊ. लोखंडी कपाट एक, खुर्च्या दोन, व इतर.’

भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत बारा वर्षं स्टोअरकीपर असलेल्या माणसाला ‘व इतर’ या दोन शब्दांची धास्ती वाटायला हवी होती. त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरात ‘व इतर’ हा प्रकार नव्हता. वॉशर तर वॉशर. कुठल्या मापाचा, किती, कुठल्या कप्प्यात. एकदा खुद्द वर्क्स मॅनेजरने ‘किरकोळ सामान’ अशी चिठ्ठी पाठवली, तर ज्योतीरामांनी तिच्यावर ‘किरकोळ म्हणजे काय?’ असा लाल शेरा मारून परत धाडली होती. पण त्या दिवशी कपाटाला आतून आरसा निघाला, त्या आरशात त्यांना शालनबाईंचा प्रसन्न चेहरा दिसला, आणि लिलाववाल्याने तीन म्हटलं.

‘इतर’ गोदामाच्या मागे होतं. कमरेएवढ्या गवतातून दोन मोठी चाकं, एक गंजकं नळकांडं आणि मागे दोन फाळांचा नांगर दिसत होता.

"अहो, हा ट्रॅक्टर आहे," ज्योतीराम म्हणाले.

"असेल," लिलाववाला म्हणाला. "यादीत इतर आहे. संध्याकाळच्या आत उचला. लॉट फोडता येत नाही."

चाकणच्या बाजारात कांदा वाहणाऱ्या एका गाडीवानाचे चार बैल जुंपून तो ट्रॅक्टर नाशिक रस्त्याने मोशीपर्यंत ओढत आणला. बैलांची सुट्टी करायला जन्मलेलं यंत्र बैलांनीच ओढलेलं पाहून रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, आणि एस.टी.तून कुणीतरी डोकं काढून "वरात कुणाची हो?" असं विचारलंही. ज्योतीराम इस्त्रीच्या पँटमध्ये स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी नजर समोर ठेवली. ट्रॅक्टरला ब्रेक आहेत की नाहीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे इंद्रायणीच्या पुलाच्या उताराला बैलांनी जी धाव घेतली ती भीतीने की उत्साहाने, याचा निकाल लागला नाही.

भोसरीच्या दोन खोल्यांत ट्रॅक्टर मावणार नव्हता, म्हणून कपाट भोसरीला आणि इतर मोशीला, अशी वाटणी शालनबाईंनी केली. मोशीला ज्योतीरामांची आई असायची, सोजरबाई. इंद्रायणीकाठी त्यांची तीन एकर होती. वतनाची जमीन, ज्योतीरामांच्या आजोबांनी गावकीची कामं करून राखलेली, आणि वतनं गेल्यावर सोजरबाईंनी कचेरीच्या पायऱ्या झिजवून पुन्हा नावावर करून घेतलेली. पण दोन वर्षं सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात ‘पड’ लागत होतं. तिसऱ्या वर्षी पड लागली की कारखान्यांसाठी तीच जमीन आधी उचलतात, अशी गावात बोलवा होती. ती खरी की खोटी हे कुणी तपासलं नव्हतं, पण सोजरबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

जमीन पडून होती ती नांगरायला माणूस नव्हता म्हणून. गावातले बैलवाले एकेक करून कंपनीत लागले. फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्याचे बैल दावणीलाच राहतात, मग ते चाकणच्या बाजारात जातात. उरली होती एक जोडी, शेजारच्या सोपानरावांची. सोपानराव नाही कधी म्हणत नसत. ते "बघू" म्हणत. त्या ‘बघू’त चार हंगाम गेले होते आणि रानात हरळी अशी माजली होती की आता बैलही "बघू" म्हणाले असते.

सोजरबाईंनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. टायरवर हात फिरवला.

"चालतंय का ह्ये, ज्योती?"

आजूबाजूला वीसेक माणसं होती, त्यांत सोपानराव. वीस माणसांसमोर आईला नाही म्हणणारा माणूस वेगळा असतो.

"चालतंय म्हणजे काय," ज्योतीराम म्हणाले. "किरकोळ दुरुस्ती आहे."

‘किरकोळ म्हणजे काय’ हे त्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही.

"मंग हस्ताच्या आत पेरून घिऊ जुंधळा," सोजरबाई म्हणाल्या, आणि पुढल्या आठवड्यात पायली दीड पायली बियाणं निवडून डब्यात भरूनही ठेवलं.

मोशीत चिमाजी मिस्त्री होते. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी दोन रविवार घालवून ट्रॅक्टर उघडला, पुसला, उंदरांचं एक कुटुंब सन्मानाने बाहेर काढलं आणि निदान केलं.

"इंजिन नामी हाय. फकस्त ह्ये एक चाक ग्येलंय." त्यांनी फडक्यावर ताटलीएवढं एक दातेरी चाक ठेवलं. "डिझेलच्या पंपाला ह्ये फिरवतं. एकतीस दात असत्यात ह्याला."

ज्योतीरामांनी मोजले. अकरा होते.

"बाकीचे?"

"खाली तेलात सापडलं की. हे बगा." चिमाजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत वीस दात होते. ज्योतीरामांनी ते पुन्हा मोजले. पुरे वीस. स्टोअरकीपर म्हणून त्यांना क्षणभर समाधान वाटलं.

आता चाक आणायचं तर ट्रॅक्टर कुठला ते कळायला हवं. बॉनेटवरच्या नावाच्या पट्टीतली तीनच अक्षरं शिल्लक होती आणि त्यांतलं इंग्रजी ‘आर’ उलटं लटकत होतं. उलटा आर म्हणजे रशिया, असं चिमाजींचं ठाम मत पडलं. मग त्यांनीच हौसेने स्क्रू आवळला, आर सरळ झाला आणि रशिया बाद झाला. सोपानराव म्हणाले जर्मन असावा, कारण रंग करडा आहे. कुणी झेक म्हणालं. एकाने तर ट्रॅक्टर मद्रासचा आहे म्हणून सांगितलं. का, तर अक्षरं वाचता येत नाहीत.

ज्योतीरामांनी एक दिवसाची रजा टाकली, चाक पिशवीत घातलं आणि पुण्याला नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांकडे गेले. पहिल्याच दुकानाला लाकडी खिडकी होती. खिडकीच्या आत चष्मेवाला इसम रजिस्टर लिहीत होता. ज्योतीरामांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"नमस्कार. हे चाक हवं होतं."

"पार्ट नंबर?" वर न बघता इसम म्हणाला.

"तो दातांबरोबर गेलाय बहुतेक."

"मॉडेल?"

"तेच शोधतोय."

"मेकर?"

ज्योतीरामांनी चाक थोडं पुढे सरकवलं.

इसमाने चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. नियमाची एक थंड करुणा होती. "असं कसं चालेल? पूर्ण माहिती घेऊन या," तो म्हणाला आणि खिडकी लावली. जेवणाची सुट्टी.

बारा वर्षं ज्योतीराम खिडकीच्या आतून हेच वाक्य म्हणत आले होते. ते बाहेरून कसं ऐकू येतं हे त्यांना आज कळलं. आणखी नऊ दुकानांत त्यांनी ते ऐकलं. दहाव्यात निदान पाणी मिळालं.

इथे अण्णासाहेबांचा प्रवेश होतो. अण्णासाहेब म्हणजे भोसरीत ज्योतीरामांच्या समोरच्या खोलीत राहणारे, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. निवृत्तीनंतर त्यांचा मसुदे लिहायचा हात शिवशिवत असे. पाणी आलं नाही, अर्ज. कुत्रं भुंकलं, अर्ज.

"दुकानदारांच्या नादी कशाला लागता?" ते म्हणाले. "सरळ वकिलातीला लिहा. त्यांचं यंत्र, त्यांची जबाबदारी."

"पण कुठल्या वकिलातीला?"

"तिन्ही. टपाल काय, जातं."

आणि त्यांनी इंग्रजीत असे काही मसुदे केले की वाचून ज्योतीरामांना वाटलं, आपण युद्धच पुकारतोय. पत्त्याच्या जागी अण्णासाहेबांनी वजन यावं म्हणून कंपनीचा पत्ता घातला आणि सहीखाली ‘स्टोअर्स इन-चार्ज’. रशिया खरं तर बाद झाला होता. अण्णासाहेब म्हणाले, त्यांनाही कळू दे.

महिनाभरात उत्तरं आली. एकीकडून एक गुळगुळीत रंगीत मासिक आलं, त्यात गव्हाच्या शेतात ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या गोबऱ्या बाया होत्या. शालनबाईंनी ते उघडून पाहिलं, मिटलं आणि नव्या कपाटातल्या फळ्यांना अंथरलं. दुसरीकडून मुंबईत लोकनृत्य बघायला यायचं निमंत्रण आलं, दोघांचं. तिसरीकडून पत्र नाही आलं. तिसऱ्या पत्रापायी साध्या कपड्यांतला एक हवालदार आला, आणि तो कंपनीच्या गेटवर आला.

ज्योतीरामांना कामगार-अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. खुर्चीवर साहेब, बाकावर हवालदार, टेबलावर अण्णासाहेबांचा मसुदा.

"ओव्हाळ, तुम्ही कंपनीच्या नावाने तीन परकीय देशांशी पत्रव्यवहार करता?"

"साहेब, चाकासाठी."

"कसलं चाक?" हवालदाराने डायरी उघडली.

"एकतीस दातांचं."

हवालदाराने ‘एकतीस दात’ लिहून खाली रेघ ओढली. मग सगळी हकिकत लिलावापासून सांगावी लागली. सांगता सांगता ज्योतीरामांचा आवाज दोनदा फाटला, कारण बारा वर्षांत एक मेमो नाही, एक लेटमार्क नाही, आणि आज देशद्रोहाच्या उंबऱ्यावर उभं राहावं लागलं ते एका कपाटापायी. हवालदाराने डायरी मिटली. तो खेडचा निघाला.

"ओव्हाळसाहेब, एक सांगू का? आमच्या मेव्हण्याकडं असाच ट्रॅक्टर होता. त्यानं विकून दोन म्हशी घेतल्या. सुखी हाय."

मेमो मात्र मिळाला. तो ज्योतीरामांनी स्वतःच नीट भोक पाडून फाईलला लावला.

त्या दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर ते सायकल काढत असताना खंडू टर्नर जवळ आला. खंडू बीडकडचा. लेथवर हात इतका बसलेला की मॅनेजरसुद्धा त्याच्या मशीनजवळ हळू बोलायचा. पण त्याच्यात आणि ज्योतीरामांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. खंडूने एकदा कंपनीच्या टाकाऊ पितळेतून आपल्या म्हाताऱ्या बापासाठी अडकित्ता केला होता. गेटवर तो सापडला, आणि ज्योतीरामांनी ‘अडकित्ता एक, अनधिकृत’ अशी नोंद करून तो कप्पा नंबर चौदात ठेवून दिला होता. तो अजून तिथेच होता. दर सहामाही मोजणीत त्याची नोंद व्हायची.

"साहेब," खंडू म्हणाला, "चाक दाखवा बरं."

ज्योतीरामांनी पिशवी उघडली. खंडूने चाक उलटंपालटं केलं, नखाने दात चाचपला.

"आन् ह्याच्यासाठी तुम्ही रशियाला पत्र लिहिलं?"

"जर्मनीलाही," ज्योतीराम पुटपुटले.

"आवो, हितं भोसरीत हजार लेथ हायत. मागच्या गल्लीत माझ्या दोस्ताचं वर्कशॉप हाय. रविवारी करून देतो म्या." मग थोडं थांबून म्हणाला, "पैसा नको. माझा अडकित्ता सोडा."

ज्योतीरामांनी चाकाची पिशवी खंडूच्या हातात दिली. "नियमात बसवून बघतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं ते सर्वांत मऊ वाक्य होतं.

पोलादासाठी त्यांनी भंगारवाल्याकडून एका मोडक्या ट्रकचा धुरा मिळवला. पहिल्या रविवारी खंडूने त्यातून गोल चकती काढली, अगदी आरशासारखी. पण दात पाडायचे तर ते सारख्या अंतरावर पाडायला एक भोकांची तबकडी लागते, आणि मित्राच्या वर्कशॉपातल्या तबकडीला एकतीस भोकांचं वर्तुळच नव्हतं. खंडूने अंदाजाने मेळ घातला. एकोणतीस दात सुरेख आले. एकतिसाव्याला जागा उरली नाही, म्हणून तिसावा थोडा जाड झाला.

"एवढा एक चालंल का?" खंडूने विचारलं.

मोशीला चिमाजींनी ते चाक बसवून हाताने फिरवलं. एकोणतीस दात गोड फिरले आणि तिसाव्याला असा आवाज आला की सोजरबाई घरातून बाहेर आल्या. सोपानराव बांधावरून म्हणाले, "ज्योतीराम, हस्त या शनिवारी लागतंय. बघू मग आमचे बैल?" त्या ‘बघू’ने ज्योतीरामांना जे लागलं ते मेमोनेही लागलं नव्हतं.

एकतीस भोकांची तबकडी पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होती. कंपनीच्या स्टोअरमध्ये, कप्पा नंबर एकवीस, तेलकट कागदात गुंडाळलेली. बारा वर्षं ज्योतीरामच तिला दर महिन्याला पुसत होते.

सोमवारी सकाळी त्यांनी एक इश्यू स्लिप घेतली. ‘तबकडी एक. अडकित्ता एक.’ नाव : ज्यो. ओव्हाळ. कारण : इथे त्यांचं पेन थांबलं. ‘व इतर’ लिहिण्याचा मोह झाला, तो त्यांनी आवरला. ‘आईची जमीन’ असं लिहिलं. मग ते दार उघडून बाहेर आले, खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. पुढचे दोन कामगार दचकून बाजूला झाले. ज्योतीरामांनी स्लिप खिडकीतून आत सरकवली, वळसा घालून आत गेले, चष्मा लावला, स्लिप वाचली, आणि खात्याच्या प्रमुखाची सही नाही म्हणून परत बाहेर सरकवली.

"साहेब, बरं हाय ना?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"सही नाही," ज्योतीराम म्हणाले. "सहीशिवाय मला देता येत नाही."

ते वर्क्स मॅनेजरकडे गेले. मॅनेजरने स्लिप वाचली. दोनदा वाचली.

"ओव्हाळ, ‘आईची जमीन’ म्हणजे काय?"

लाल शेऱ्यांचा हिशेब चुकता होतोय असं ज्योतीरामांना वाटलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली; बोलवा, पड, हरळी, तिसरं वर्ष. बोलता बोलता त्यांना कळलं, की आपण दोन महिने सगळ्यांना चाकाची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

मॅनेजरने सही केली. "तबकडी दोन दिवसांत परत. अडकित्त्याला भंगाराच्या भावाने गेटपास करा. आणि ओव्हाळ, तीन प्रतींत आणा. नियम आहे ना?"

चाक बुधवारी झालं. एकतीस दात. ज्योतीरामांनी तीनदा मोजले. खंडूने अडकित्ता घेतला, उघडून मिटून पाहिला आणि म्हणाला, "बाप गेल्या वर्षी गेला माझा." त्याने अडकित्ता खिशात टाकला. मग तो म्हणाला, "आता म्याच खातो सुपारी. चला, चाक बसवायला येतो संगं. रजा टाकली हाय."

गुरुवारी सकाळी मोशीत सगळे जमले. सोजरबाई, शालनबाई, चिमाजी, खंडू, भोसरीहून मुद्दाम आलेले अण्णासाहेब, आणि बांधावर सोपानराव. अण्णासाहेबांच्या सांगण्यावरून टाकी काठोकाठ भरली होती. चाक बसलं. आवाज नाही, खडखड नाही. पण बॅटरी नव्हती, आणि हँडल मारून चिमाजींच्या हाताला फोड आले. मग ठरलं की ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उताराला ढकलायचा.

"कुणी तरी वर बसा, नुसतं स्टिअरिंग धराया," चिमाजी म्हणाले. सगळ्यांनी ज्योतीरामांकडे पाहिलं. चाकणहून येताना तेच बसले होते, म्हणजे अनुभव होता.

बारा जणांनी ढकललं. ट्रॅक्टर चार हात गेला, खोकला, त्याने काळ्या धुराचा एक लोट अण्णासाहेबांच्या धोतरावर सोडला, आणि असा गरजला की इंद्रायणीपलीकडचे बगळे उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा ट्रॅक्टर बराच पुढे गेला होता.

"क्लच दाबा!" चिमाजी शेजारून पळत ओरडले.

"दाबलाय!"

"मंग थांबत का न्हाई?"

"तेच तर!"

इतकी वर्षं गंजून क्लचची चकती चिकटून बसली होती. गिअर निघेना. ब्रेकचं पायडल जमिनीला टेकलं आणि तिथेच राहिलं. डिझेल बंद करायची तोटी चिमाजींनी पळता पळता पकडली, ती त्यांच्या हातात आली. तोटीच. डिझेल चालूच. "चालू करायचं सगळं बघितलं हो," चिमाजी धापा टाकत म्हणाले, "बंद करायचं ध्यानातच आलं न्हाई!"

ज्योतीराम स्टिअरिंगला लोंबकळून वळले. पहिल्या फेरीत ट्रॅक्टर हरळीवरून नुसता हिंडला. दुसऱ्या फेरीला सोजरबाई पदर खोचून आडव्या आल्या.

"आरं, फिरतंच हाय तर नांगर तरी टाक खाली!"

नांगराचा दोर खंडूने मागून पळत जाऊन ओढला. दोन्ही फाळ जमिनीत घुसले, ट्रॅक्टर वाकला, कण्हला, पण थांबला नाही. मागे हरळीची मुळं वर आली, आणि त्यांच्याबरोबर चार हंगामांची काळी, ओलसर माती उलटी होऊन पडत गेली. शालनबाई बांधावर उभ्या राहून दर फेरीला हात करत होत्या. एका फेरीला त्यांनी पाण्याचा तांब्या वर केला, पण ज्योतीरामांना दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढता येत नव्हते, म्हणून त्यांनी पळत पळत तो त्यांच्या डोक्यावर ओतला.

दुपारपर्यंत तीन एकर संपली. डिझेल संपलं नाही. तेवढ्यात सोपानराव दोन्ही हात हलवत समोरून आले. "ज्योतीराम! आता चालूच हाय तर आमचा बी येवढा पट्टा—"

"बघू!" ज्योतीराम ओरडले. त्यांना सूड घ्यायचा नव्हता. वळायला जागा आहे का, ते खरोखरच बघत होते. जागा नव्हती. ट्रॅक्टर सोपानरावांच्या रानात शिरला, पडीक पट्टा त्याने सुरेख नांगरला, आणि वळताना कांद्याच्या रोपाचे दोन वाफे त्याच सुरेखपणे नांगरले. सोपानराव आधी "वा, वा" म्हणत पळत होते, मग नुसतेच पळू लागले. अण्णासाहेबांनी तिथल्या तिथे नुकसानभरपाईचा अर्ज लिहायला घेतला. कुणाच्या बाजूने, हे त्यांचं ठरायचं होतं.

उन्हं कलली तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा ओव्हाळांच्या रानात आला, दोन आचके दिले आणि आपणहून बंद पडला.

सगळे भोवती गोळा झाले. चिमाजी काही सांगत होते, क्लचबद्दल असावं. अण्णासाहेब बोट नाचवून काही सांगत होते. सोपानराव हातवारे करत होते. खंडू हसत होता. ज्योतीराम वर बसले होते. सहा तासांच्या आवाजाने त्यांचे कान पार बंद झाले होते आणि त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. महिना-दोन महिन्यांत इतकी शांतता त्यांना लाभली नव्हती. ते सगळ्यांकडे बघून मान डोलवत राहिले.

मग सोजरबाई पुढे आल्या. त्यांनी नांगराच्या तासातलं ढेकूळ उचललं, मुठीत दाबून फोडलं, रानाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि लेकाकडे वळून काहीतरी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. ज्योतीरामांचेही भरले. त्यांनी आईचे मातीचे हात धरले.

भोसरीला परतताना बसमध्ये त्यांचा उजवा कान थोडा उघडला. त्यांनी शालनबाईंना विचारलं, "आई काय म्हणाली गं मघाशी?"

"कधी?"

"ढेकूळ हातात घेऊन. मला ऐकू आलं नाही."

शालनबाई खिडकीतून बाहेर बघत हसल्या. "म्हणाल्या, समदं रान तिरपं नांगरलंस की रे."

सोजरबाईंनी दुसऱ्या दिवशी त्या तिरप्या तासांतच जोंधळा पेरला. तो तिरपाच उगवला आणि छातीएवढा झाला. थंडीत तलाठी पीकपाहणीला आले, बांधावर उभे राहिले, मान डावीकडे कलती करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वहीत ‘ज्वारी, तीन एकर’ असं लिहिलं. तिरपं की सरळ, यासाठी त्या वहीत रकाना नव्हता.